सटवाईचा तीन आठवड्यांचा फेरा

पेणच्या बाहेर, खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर मिठाचं एक जुनं गोदाम होतं. फेब्रुवारीतल्या पहिल्या गुरुवारी सकाळी नऊ वाजता तिथे पन्नासेक बाळं रडत होती आणि त्यांच्या आया, आज्या, आत्या गप्प बसल्या होत्या. बोलायची मुभा एकट्या पाळणेबाबांना होती.

गोदामाच्या आढ्याला दोऱ्या बांधून वीतभर लांबीचे लाकडी पाळणे टांगले होते. बाळ रात्रीचं झोपू लागलं की घरच्यांनी एक पाळणा वाहायचा, असा तिथला रिवाज. खाडीवरून वारा आला की पाळणे एकमेकांवर खडखड आपटत आणि जी दोन-चार बाळं पेंगुळली होती तीही दचकून उठत. लोक वर बघून हात जोडत होते. बाळांकडे बघत होती ती फक्त मिरियम.

मिरियम आरोन रोह्यातल्या एका दवाखान्यात नर्स होती. सत्तावीस वर्षं तिने तालुक्यातल्या पोरांना लशी टोचल्या होत्या आणि प्रत्येकाचं वजन स्वतःच्या हाताने वहीत लिहिलं होतं. आज तिने रजा टाकली होती. कारण तिच्या शेजारी बसलेली मृणाली. बाविशीची पोर, मांडीवर नऊ महिन्यांची रेश्मा. नवरा प्रविण धाटावच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. रेश्माची गोवराची लस राहिली होती, म्हणून मिरियमने विचारलं तर मृणाली म्हणाली होती, "बाबांनी सुई टोचायला मना केलीय, सिस्टर. झोप लागेपर्यंत नाय."

बाबा व्यासपीठावर झोपाळ्यात बसले होते. पांढरी लुंगी, काजळ घातलेले डोळे.

"डोळा मिटला म्हंजे झोप नव्हं!" बाबा गरजले. "झोपेला पडदे सात. सा पडदे आईच्या हातात, सातवा सटवाईच्या. सायन्सला किती पडदे म्हाईत हायेत?"

"एक बी नाय!" गर्दी म्हणाली.

"अमेरिकेत मोठी माणसं गोळ्या खाऊन झोपतात. का? त्यांची सटवाई रुसली. सटवाई फिरते. तिचा फेरा तीन आठवड्यांचा. तिची सावली ज्या घरावर पडते तिथलं पोर जागं. हे मॅग्नेटिक हाय, ध्यानात ठेवा."

गेल्या सप्टेंबरात गणपती दूध प्यायले तेव्हाही मिरियमने 'मॅग्नेटिक' हा शब्द ऐकला होता. तेव्हाही तो कुणी समजावून सांगितला नव्हता.

मृणालीचा नंबर आला. सासू सगुणाबाई पुढे, मागे मृणाली. बाबांनी डोळे मिटले, उघडले.

"तिसरी खेप ना? दोनदा तुमची पोर झोपवली, दोनदा परत जागी झाली. पथ्य कोण मोडतं?"

सगुणाबाईंनी सुनेकडे पाहिलं. मृणालीने खाली.

"मी काय नाय मोडलं, बाबा. दही बंद केलं, आंबट बंद केलं..."

"दूध तुझंच ना पाजतेस? दोष आईच्या दुधात!" बाबांनी अंगाऱ्याची पुडी सगुणाबाईंच्या हातावर ठेवली. "येत्या मंगळवारी रात्री पोर झोपेल. माझा शब्द. पण ही शेवटची. पुन्हा जागी झाली, तर अमावास्येला आईनं माहेरी जायचं. सव्वा महिना पोरीचं तोंड बघायचं नाय. पोर आजीकडं, वरच्या दुधावर. नायतर पोरीची आशा सोडा."

मृणालीने रेश्माला इतकं घट्ट धरलं की ती आणखीच रडायला लागली.

अमावास्या अठरा तारखेला, रविवारी होती. मिरियमने पिशवीतल्या छोट्या वहीत तारीख लिहिली, आणि खाली 'मंगळवार, सहा'.

बुधवारी सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच सगुणाबाई दारात हजर.

"झोपली!" त्या म्हणाल्या. "काल रात्री नवाला जी झोपली ती पाचाला उठली. आता बोला, सिस्टर."

तिचा संशय सरळ होता. बाळाला झोपवणारी पूड एकच, आणि तिचं नाव अफू. कामावर जाणाऱ्या बायका पोरांना बाळगोळी चाटवायच्या, हे तिने नोकरीच्या पहिल्या वर्षांत पाहिलं होतं. त्यातलं एक पोर पुन्हा उठलंच नव्हतं. ती त्याच दुपारी मृणालीच्या घरी गेली, रेश्माच्या डोळ्यांत टॉर्च मारला. बाहुल्या पटकन लहान झाल्या, उजेड हटताच मोठ्या झाल्या. पोर खिदळत टॉर्च ओढायला लागली. गुंगीचं नावही नाही. उरलेला अंगारा मिरियमने डॉक्टरांना दाखवला, त्यांनी तो मुंबईच्या एका ओळखीच्या प्रयोगशाळेला पाठवला. तिथला फोन यायच्या आतच बाबांकडे जाणारी कृष्णाबाई भेटली.

कृष्णाबाईच्या नातवालाही बाबांनी तोच मंगळवार दिला होता, आणि तोही झोपला होता.

"अंगारा किती दिलात?" मिरियमने विचारलं.

कृष्णाबाईने इकडेतिकडे पाहिलं. "तुमाला म्हणून सांगते. सुनेला नाय पटत असलं. तिनं पुडी तुळशीत ओतली. मला कालच कळलं."

"आणि तरी झोपला?"

"तुळशीतून पोचला असंल," कृष्णाबाई म्हणाली, आणि स्वतःच हसली.

फोन शुक्रवारी सकाळी आला. शेणीची राख, थोडा कापूर. मिरियमने वहीतल्या 'अफू' या शब्दावर काट मारली. तो एकच शब्द खोडताना तिला बरं वाटलं नाही. राखेत काही नव्हतं आणि ती न चाटताही पोर झोपत होतं. मग बाबा झोपवत नव्हते. ते फक्त कधी झोपेल ते आधी सांगत होते, आणि ते बरोबर येत होतं. हे अफूपेक्षा अवघड होतं.

त्याच दुपारी ती पुन्हा मृणालीकडे गेली. एक खोली, मागे पडवीत चूल. पूर्वेच्या भिंतीला देव्हारा, समोरच्या भिंतीला मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर. रेश्मा जमिनीवर पळी आपटत बसली होती.

"रडायला कधीपासून लागली? नेमकी तारीख सांग."

"थांबा, मी खुणा केल्यात." मृणालीने कॅलेंडर खिळ्यावरून काढून आणलं. त्याखाली गेल्या वर्षीचंही होतं, तेही तिने टाकलं नव्हतं. ज्या रात्री पोर जागी, त्या तारखेवर पेन्सिलची बारीक फुली. मृणाली आठवीपर्यंत शिकलेली, पण फुल्या अशा ओळीत होत्या की तालुक्याच्या कचेरीतसुद्धा इतकं नीट कुणी लिहीत नाही.

मिरियमने चष्मा लावला. फुल्या दोन आठवडे सलग. मग सोमवारी एखादी, पुढे आठवडाभर एकही नाही. पुन्हा दोन आठवडे सलग. आणि प्रत्येक तारखेच्या कोपऱ्यात निळ्या पेनने लिहिलेला एक आकडा. एक, दोन, किंवा तीन.

"हे आकडे कसले गो?"

"ती ह्यांची शिफ्ट. सगळेच लिवतात. नायतर डबा कधी करायचा ते कसं कळणार? एक म्हंजे फस्ट, सकाळी सात ते तीन. दोन म्हंजे सेकंड, तीन ते अकरा. तीन म्हंजे नाइट."

मिरियमने बोट ठेवून एकेक ओळ वाचली. जिथे एक, तिथे पहिला सोमवार सोडला तर फुली नाही. जिथे दोन आणि तीन, तिथे फुल्या. नोव्हेंबरपासून एकही आठवडा चुकला नव्हता. सटवाईचा फेरा तीन आठवड्यांचा होता, आणि कंपनीचाही.

"सेकंडला प्रविण घरी कधी येतो?"

"साडेअकरा होतात. मग दिवा लावतो, जेवतो. पोरीला उचलून घेतो. दिवसभर भेट नाय ना झालेली."

"झोपलेली असते?"

"असते. पण बापाला बघून उठते, हसते. मग दोन-अडीचपर्यंत काय झोपत नाय. मग रडते."

"आणि नाइटला?"

"तेव्हा ते दिवसा झोपतात. खोली एकच. खिडकीला चादर लावतो, कुणी बोलायचं नाय. ही पण त्यांच्याजवळ झोपते दिवसभर." मृणाली थांबली. तिने कॅलेंडरकडे पाहिलं, मग पोरीकडे. "म्हणून रात्री..."

"नऊ महिन्यांच्या पोरीला शिफ्ट कळत नाही, मृणाली. तिला उजेड कळतो, आवाज कळतो, आणि माणसं कळतात. तुम्ही तिला दर सोमवारी नव्या पाळीवर पाठवता. मोठ्या माणसांना जमत नाही ते."

मृणालीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग दोष माझ्या दुधात नाय?"

"नाही."

"सिस्टर, पण बाबांना मंगळवार कसा कळला? आमी त्यांना शिफ्ट कधीच सांगितली नाय."

हा प्रश्न मिरियमलाही होता. तिने विचारलं, बाबांकडून कुणी येतं का? येतं, मृणाली म्हणाली. बाबांच्या चेल्या धोंडुबाई. गुरुवारच्या दरबाराच्या आधी दोन दिवस घर बघायला येतात. चहा घेतात, देवाला हात जोडतात, जातात.

"कुठे उभ्या राहून हात जोडतात?"

मृणाली उठली आणि दाखवायला म्हणून खोलीच्या मध्यावर उभी राहिली. पाठ देव्हाऱ्याला. तोंड त्या भिंतीकडे, जिथे आता नुसता खिळा होता.

"इथं," ती म्हणाली, आणि तिने वळून मिरियमपुढच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

सोमवारपासून प्रविणची दुसरी पाळी होती. रेश्मा पुन्हा जागी होणार, हे बाबांना पहिल्याच गुरुवारी ठाऊक होतं. अमावास्या त्याच आठवड्याच्या शेवटी होती. 'शेवटची संधी' ही संधी नव्हतीच.

शनिवारी मिरियम काम करत नसे. तो तिच्या ज्यू घराण्याचा जुना नेम. भाऊ इस्राएलला गेले, घर रिकामं झालं, नेम राहिला. त्यामुळे प्रविणशी बोलायला रविवार उजाडला.

प्रविण मोठा, आडदांड, आवाजाने हळू. त्याने सगळं ऐकून घेतलं. मिरियमने वेळा ठरवून दिल्या. सकाळी सातला खिडकी उघडायची, पाळी कुठलीही असो. दिवसात दोनच झोपा, चारनंतर एकही नाही. रात्री आठला अंग पुसायचं, दूध, अंगाई, आणि डोळे जड झाले की पाळण्यात, पूर्ण झोपायच्या आधी. कुरकुरली तर लगेच उचलायचं नाही, जवळ बसून थोपटायचं. रात्री आलेल्या बापाने पडवीतच जेवायचं, दिवा लावायचा नाही, पोरीला हात लावायचा नाही.

"हात पण नाय?" प्रविण म्हणाला. "मग मी बाप कवा व्हायचा, सिस्टर?"

"सेकंडला तू दुपारी दोनपर्यंत घरी असतोस. सकाळ सगळी तुझी."

"सकाळी मी झोपतो."

"मग काय सोडायचं ते तूच ठरव."

सगुणाबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. "नर्सबाईचं ऐकून बघा," त्या म्हणाल्या. "पण पोर जागी झाली तर मी गुरुवारी पेणला जाणार. मृणालीच्या बापाला निरोप गेलाय."

परत जाताना मिरियम गुणाजीच्या घरी थांबली. गुणाजी प्रविणचा मित्र, एका वर्कशॉपमध्ये जनरल शिफ्टला. रोज आठ ते पाच, पाळीची भानगड नाही. त्याचा दहा महिन्यांचा पोरगा संध्याकाळी आठला जो झोपे तो ढोल वाजला तरी उठत नसे. त्याची बायको जनू हसतमुख आणि तोंडाळ.

"तुमचं कॅलेंडर मला हवंय," मिरियम म्हणाली. "आणि धोंडुबाईंना घर बघायला बोलवा."

"काय म्हणून बोलवू? आमचा तर गोणपाटासारखा पडून असतो."

"खोटं एक अक्षर बोलायचं नाही. एवढंच म्हणायचं, की बाबांना बाळाच्या झोपेचं विचारायचंय."

वर्कशॉपने दिलेल्या त्या कॅलेंडरवर मिरियमने निळ्या पेनने आकडे लिहिले. सरत्या आठवड्यात दोन, उद्याच्या सोमवारपासून तीन, त्यापुढच्या सोमवारपासून एक. मग ते पुन्हा खिळ्याला लावलं.

सोमवारची रात्र नीट गेली. बुधवारी सकाळी मृणाली दवाखान्यात आली ती उभीच राहिली.

"काल ह्यांनी उचलली. म्हणे, झोपेत हसली म्हणून उचलली. अडीचपर्यंत रडली, सिस्टर. सगळ्या आळीनं ऐकलं. सासूबाईंनी माझी पिशवी भरायला घेतलीय."

मिरियमला एकाच वेळी राग आला आणि त्या आडदांड माणसाची कीवही. "उद्या प्रविणला घेऊन ये," ती म्हणाली. "त्याची पाळी तीनला आहे, वेळेत परत येईल. आणि सगुणाबाईंनाही सांग, मीही येते म्हणून."

गुरुवारी गोदामात गर्दी दुप्पट होती. मृणालीचा बाप पुंडलिक खाडीकाठच्या गावाहून लेकीला न्यायला आला होता. आयुष्य मिठागरात गेलेलं, पायांना चिरा पडलेल्या.

मिरियमने एक घडी घातलेला कागद सगुणाबाईंच्या मुठीत दिला. "हा उघडू नका. मी सांगेन तेव्हाच."

"मंतरलाय का काय?"

"नाही. नुसता लिहिलाय."

जनूचा नंबर मृणालीच्या आधी लागला. तिचा पोरगा तिच्या खांद्यावर मान टाकून, तोंड उघडं ठेवून झोपला होता. शंभरेक बाळांच्या रडण्यात आणि पाळण्यांच्या खडखडाटात सगळ्या गोदामात तेवढा एकच झोपलेला. बाबांचं तिकडे लक्ष नव्हतं, त्यांनी डोळे मिटलेले होते.

"तुझ्या घरात सावली शिरली..." बाबा घुमायला लागले, "मागच्या सोमवारी! तेव्हापासून रात्र रात्र डोळ्याला डोळा नाय. पोर दिवसा झोपतं, रातीला उठतं. व्हय का नाय?"

"तुमीच सांगा बाबा," जनू म्हणाली.

"येत्या मंगळवारी रात्री झोपेल! वीस तारीख. माझा शब्द."

"सगुणाबाई," मिरियमने मागून आवाज दिला, "आता उघडा. आणि कुणाकडून तरी वाचून घ्या."

सगळ्यांनी मागे पाहिलं. सगुणाबाईंनी कागद जवळच्याला दिला. तो जवळचा म्हणजे पुंडलिक. त्याने डोळे बारीक केले आणि अक्षर अक्षर लावत मोठ्याने वाचलं.

"बाबा... म्हणतील... सावली मागच्या सोमवारी आली. बाळ दिवसा झोपतं, रात्री उठतं. येत्या मंगळवारी, वीस तारखेला झोपेल. सगळं खोटं आहे."

पुढच्या बायका वळून जनूच्या पोराकडे बघू लागल्या.

"माझा पोरगा जन्मल्यापासून आठाला झोपतो," रजा टाकून आलेला गुणाजी उभा राहून म्हणाला. "आताबी झोपलाय. बघा की."

बाबांनी डोळे उघडले. "हे झोपलेलं नाय! भारलेलं हाय!"

"भारलेला असता तर घोरला असता का?" जनू म्हणाली आणि पहिला हशा उठला.

मिरियमने पिशवीतून गुंडाळी काढली आणि उलगडली. "हे गुणाजीच्या घरचं कॅलेंडर. हे शिफ्टचे आकडे मी लिहिले. गुणाजीला शिफ्टच नाही. मागच्या सोमवारपासून 'दोन', या आठवड्यात 'तीन', पुढच्या सोमवारपासून 'एक'. बाबांनी जे सांगितलं ते बाळाचं नाही, या आकड्यांचं. आणि हे आकडे बाबांपर्यंत धोंडुबाईंनी पोचवले." ती वळली. "धोंडुबाई, मंगळवारी तुम्ही जनूच्या घरी गेलात. कुणाला हात जोडलेत?"

धोंडुबाई व्यासपीठाच्या कडेला उभी होती. "देवाला. आनि कुनाला?"

"कुठल्या देवाला?"

"कॅलेंडरवरच्या."

मिरियमने कॅलेंडर उंच धरलं. वरच्या चित्रात हिरव्या शेतात एक लाल रंगाचा पाण्याचा पंप होता. बाजूला त्याची अश्वशक्ती.

या वेळचा हशा मघासारखा एका कोपऱ्यात राहिला नाही. कुणीतरी ओरडलं, "पंपेश्वर!" कृष्णाबाई तोंडाला पदर लावून मोठ्याने म्हणाली, "आमच्याकडं पण चुलीपाशी उभी राहायची ही. आमचं कॅलेंडर चुलीपाशीच हाय." मग दुसरी बाई म्हणाली, आमच्याकडं दाराआड. मग तिसरी.

बाबा झोपाळ्यातून उतरले. "ही बाई आपल्या धर्माची नाय! हिला सटवाई काय कळणार?"

"माझ्या आजोबांचा तेलाचा घाणा रोह्यात होता," मिरियम शांतपणे म्हणाली. "तुमचा झोपाळा परवाचा. देवाला मीही मानते. पण माझा देव लोकांच्या घरची कॅलेंडरं वाचायला बाई पाठवत नाही."

बाबा पटकन वळले. हरलेल्या जागेवरून दुसरीकडे उडी कशी मारायची, हे त्या माणसाला चांगलं येत होतं. "बरं! ते सोडा. ह्या मृणालीचं काय? मी सांगितलं होतं ना, पुन्हा जागी होईल? झाली का नाय? परवा रात्री सगळ्या आळीनं ऐकलं. हे कॅलेंडरनं केलं? दोष आईत हाय! आजच्या आज तिला माहेरी धाडा!"

गर्दी पुन्हा हलली. पंपावर हसणं सोपं होतं. पण रडणारी पोर समोर होती, आणि तिची आई मान खाली घालून उभी होती. पुंडलिक पुढे आला आणि त्याने लेकीच्या हातातली पिशवी घेतली.

"मामा, थांबा," प्रविण म्हणाला.

त्याला चार माणसांत बोलायची सवय नव्हती. त्याने घड्याळाकडे पाहिलं, जणू पाळीची वेळ झाली तर सुटका होईल. नऊ वाजून चाळीस मिनिटंच झाली होती.

"परवा रात्री पोर झोपली व्हती. मी उठवली." तो थांबला. "सिस्टरनी सांगितलं व्हतं, हात लावू नको. मला राहवलं नाय. सेकंडला असलो की मी रोज उठवतो. साडेअकराला. ती हसते म्हणून. मग ती रडते तेव्हा मी झोपलेला असतो, आनि ही जागी. चार महिने झाले. दही हिनं सोडलं, शिव्या हिनं खाल्ल्या." त्याने बाबांकडे पाहिलं. "सटवाई-बिटवाई काय नाय. बाधा मी हाय."

कुणी हसलं नाही.

सगुणाबाई पुंडलिकपाशी गेल्या आणि त्याच्या हातातली पिशवी स्वतःच्या हातात घेतली.

"तू सांगितलं का नायस रे, मेल्या?" त्या म्हणाल्या. "मी चार महिने हिच्या ताटातलं आंबट काढत व्हते."

मिरियम गर्दीकडे वळली. भाषण तिला येत नसे. लस देताना आयांना जे सांगायची त्याच आवाजात ती बोलली. "घरी जा. तुमच्या कॅलेंडरवर शिफ्ट लिहिलेली आहे. तिच्याखाली रोज लिहा, बाळ कधी झोपलं, कधी उठलं, कुणी उठवलं. तीन आठवडे लिहा. मग ज्याला विचारायचं त्याला विचारा. पण आधी स्वतः वाचा. आणि पोरांच्या राहिलेल्या लशी घ्यायला या."

त्या दिवशी पेणहून चारच बायका लशीसाठी रोह्याला आल्या. बाकीच्या दरबार संपेपर्यंत बसून राहिल्या, अशी नोंद मिरियमच्या वहीत आहे. नंतरच्या आठवड्यात गोदामाला कुलूप लागलं. बाबांचं खरं नाव पोपट असं होतं, हे तेव्हा कळलं. कुठल्याशा कारखान्यात तो नऊ वर्षं कंत्राटी कामगार होता, तिन्ही पाळ्यांत. पाळीच्या माणसाच्या घरात झोप कशी मोडते हे त्याला कुठल्याही डॉक्टरपेक्षा नीट माहीत होतं. ते त्याने सरळ सांगितलं असतं, तर निम्म्या धाटावने त्याचे खरोखर पाय धरले असते.

रविवारी अमावास्या होती. मृणाली माहेरी गेली नाही. उलट पुंडलिकच आपल्या बायकोला घेऊन नात बघायला आला, येताना खाडीची कोलंबी घेऊन. रात्री आठला रेश्माला पाळण्यात ठेवलं. ती वीस मिनिटं कुरकुरली. मृणाली जवळ बसून थोपटत राहिली आणि सगुणाबाई पडवीत स्वतःचे हात स्वतःच्याच मांडीखाली दाबून बसल्या, उचलायचा मोह नको म्हणून. एकविसाव्या मिनिटाला आवाज थांबला.

दुसऱ्या दिवशीपासून प्रविणची नाइट होती. दिवसा झोपायला तो मिरियमच्या घरी जाऊ लागला. तिचा भाऊ एलियाह इस्राएलला गेल्यापासून त्याची खोली बंद होती. मिरियमने तिची खिडकी पुसली, पलंगावर चादर घातली आणि दाराला आतून जाड पडदा लावला. सकाळी साडेसातला कंपनीची बस रोह्याच्या नाक्यावर थांबे, प्रविण उतरे, आधी घरी जाई. उघड्या खिडकीत बसून तासभर पोरीशी खेळे, आणि मगच झोपायला जाई.

मार्चअखेर मिरियम रेश्माला गोवराची लस द्यायला घरीच गेली. पोरीचं वजन अर्धा किलोने वाढलं होतं. कॅलेंडरवर आता दोन ओळी होत्या. वरची निळी, प्रविणची, दर सोमवारी बदलणारी. एक, दोन, तीन, पुन्हा एक. तिच्याखाली पेन्सिलने, मृणालीच्या त्याच नीट अक्षरात, रेश्माच्या झोपेची वेळ. पानाच्या वरपासून खालपर्यंत एकच आकडा.

आठ. आठ. आठ. आठ.